ठ उठेना

शाई म्हणजे शाई, असं मी समजत होतो. निळी किंवा काळी, दौतीतली किंवा पेनातली, आणि सांडली की घरात अबोला. याहून जास्त तिच्यात काही असेल अशी शंकाही मला कधी आली नव्हती. आता मात्र कुणी शाईचं नाव काढलं की मी विचारतो, पाण्यातली की तेलातली, पातळ की दाट, आणि तुमचा कागद शाई पितो की नुसती अंगावर घेतो. समोरच्या माणसाला मग घरचं काहीतरी काम आठवतं.

याचं मूळ आमच्या सूनबाईत आहे. तिला लेटरबॉक्सिंगचा नाद आहे. हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मला वाटलं, ही सुट्टीच्या दिवशी टपालखात्यात जाते की काय. आणि घरात इतकी ओढाताण आहे का, अशा अर्थाने मी चिरंजीवांकडे पाहिलं. पण तसं नव्हतं. या नादातली माणसं एक घट्ट झाकणाचा डबा घेतात, त्यात एक कोरी वही आणि स्वतः खोदलेला रबरी शिक्का ठेवतात, आणि तो डबा टेकडीवर नाहीतर बागेत कुठल्याशा दगडाखाली लपवून येतात. मग बाकीच्यांना कोड्यात खुणा सांगतात: अमुक झाडापासून उगवतीकडे चाला, वाकडा दगड दिसला की तुम्हीही वाका. बाकीचे शोधत जातात. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उठवायचा, खाली वाटलं तर दोन शब्द लिहायचे, आणि डबा होता तसा लपवून घरी यायचं. बक्षीस नाही, पावती नाही. आमच्या हिने विचारलं, "मग मिळतं काय?"

"मिळत नाही, आई. सापडतं," सूनबाई म्हणाली.

हिला हे उत्तर पटलं नाही. मला मात्र फार आवडलं.

मी पेशाने रंगारी. जन्म दुसऱ्यांच्या भिंतींकडे बघण्यात गेला. काम सुटल्यावर वाचनालयातल्या प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकलो, आणि पंगतीला उशिरा आलेला माणूस जसं समोर येईल ते वाढून घेतो तसा दिसेल ते वाचत सुटलो. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर, बसच्या सीटवर कुणीतरी खरवडून लिहिलेलं प्रेम, लिफ्टमधली सूचना. लिफ्टमधली सूचना वाचता वाचता मी दोनदा आपला मजला चुकलो आहे. सूनबाईच्या कोड्यातल्या खुणाही मी आवडीने वाचायचो, आणि ते तिच्या लक्षात आलं असावं. तिने स्वतःचा पहिला डबा तयार केला, जाड खरबरीत कागदाची वही हाताने शिवली, आणि एका संध्याकाळी जेवताना सहज म्हणाली की पहिल्या पानावरचा पहिला शिक्का बाबांनी उठवायचा. येत्या रविवारी तिच्या मंडळींसमोर टेकडीवर.

मी मान डोलावली आणि घास गिळला. पण पुढचा घास घ्यायचं राहूनच गेलं. पहिलं पान म्हणजे काय हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. डबा टेकडीवर असेपर्यंत, म्हणजे कदाचित मी नसेन तेव्हाही, येणारा प्रत्येक जण आधी ते पान उघडणार. भिंतीवर चूक झाली तर रंगाचा दुसरा हात मारून झाकता येते. इथे दुसरा हात नाही. शिवाय ते पोरीने हाताने शिवलेलं होतं.

या मंडळींचे शिक्के चित्रांचे असतात. कुणाचा पक्षी, कुणाचं पान, कुणाचं कासव. मी ठरवलं, आपला अक्षराचा. पक्षी काय, मला लहानपणीही काढता आला असता. खोडरबरावर मी नावाचं पहिलं अक्षर मन लावून खोदलं, पेनातली शाई लावली, कागदावर दाबलं, आणि अक्षर उलटं आलं. माझा पहिला विचार असा होता की शाई उलटी लागली. चिरंजीवांनी न बोलता आरसा आणून समोर धरला. न बोलणारी माणसं फार बोलतात, हा माझा जुना अनुभव आहे.

आता उलटं खोदणं हा एक उपाय होता. पण मोठ्या कष्टाने अक्षरं सुलटी बसवलेल्या माणसाला ती पुन्हा उलटी करायला सांगणं म्हणजे नुकत्याच झोपवलेल्या मुलाला उठवण्यासारखं आहे. म्हणून मी वेगळा मार्ग काढला. जे अक्षर आरशातही तसंच दिसतं ते शोधायचं. सगळी मुळाक्षरं कागदावर काढून मी आरशासमोर एकेक धरत गेलो. आमची ही दारातून बराच वेळ बघत होती, तिने शेवटी बरं वाटतंय ना एवढंच विचारलं. दोन अक्षरं निघाली. एक ळ. पण त्याची दोन वेटोळी खोदताना खोडरबर फाटतं. शिवाय ज्याला एकाही शब्दाने कधी पहिला नंबर दिला नाही अशा अक्षराला पहिल्या पानावर पुढे करणं मला बरं वाटेना. दुसरं ठ. डोक्यावर रेघ, खाली छोटा दांडा, त्याखाली गोल. डावीकडून बघा, उजवीकडून बघा, माणूस तोच. असा सज्जन सगळ्या मुळाक्षरांत दुसरा नाही.

ठ खोदला. पेनातली शाई बोटाने चोळून उठवला. कागद हिच्याकडे दिला. तिने चष्मा लावला, पाहिलं, आणि विचारलं, "अहो, हे तुम्ही स्वतःच लिहून घेतलंत?"

मी पाहिलं तर कागदावर ढ होता.

घडतं ते असं. ठचा गोल पुरा बंद असतो. ढचा उजवीकडे उघडा असतो आणि आत एक गाठ असते. माझा हात डावीकडे जास्त दाबतो. पेनातली शाई रबरावर थांबत नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी पळते. उजवी बाजू उठलीच नाही, पळालेली शाई मधोमध जमून तिची गाठ झाली, आणि सज्जनाचा ढ झाला. ढ म्हणजे काय हे शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असतं. किंबहुना त्याला जरा जास्तच. सूनबाईच्या पहिल्या पानावर मी स्वतःच्या हाताने स्वतःला ढ म्हणून नोंदवणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आता सगळं शाईवर आलं.

आमच्या खालच्या मजल्यावर नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले हेडक्लार्क राहतात. त्यांना सगळे शिक्केसाहेब म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. शाईचा प्रश्न ऐकताच ते जांभळं पॅड घेऊन वर आले. शिक्का ही कला नसून अधिकार आहे, असं त्यांनी प्रथम सांगितलं. मग त्यांनी माझ्या ठवर तोंडाने वाफ सोडली, तो पॅडवर घासला आणि गांधीलमाशी मारावी तसा कागदावर हाणला. पाण्याचा पेला टेबलावरून उडाला. कागद होता सूनबाईच्या वहीतून उरलेला, त्याच जातीचा. तो तहानलेलाच होता. शाई त्याने चहूकडे ओढून घेतली, आणि आम्ही दोघं बघत असताना ठला पाय फुटत गेले. शेवटी तो एक जांभळा कोळी झाला. शिवाय खालच्या दोन कागदांवरही त्याची पिल्लं उमटली. शिक्केसाहेबांच्या मते ही जमेची बाजू होती. खालच्या पानापर्यंत जो पोचत नाही तो शिक्का कायद्याने कच्चा.

आमच्या हिने बुटाचं पॉलिश सुचवलं. हसू नका, ते उठलं बरं. पण पॉलिश वाळत नाही, नुसतं वाट बघतं. चिरंजीव त्या टेबलावर कोपर टेकून चहा प्यायले आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी आले ते बाहीवर ठसठशीत ठ घेऊन. इतका स्वच्छ, इतका पुरा ठ तोवर एकही उठला नव्हता. मी म्हटलं, जरा हात लांब करून उभा राहा, मला नीट बघू दे. दिवसभर साहेबापासून शिपायापर्यंत प्रत्येकाने त्याला ठ म्हणजे काय हे विचारलं होतं, त्यामुळे त्याला माझ्या जिज्ञासेचं कौतुक नव्हतं.

तेव्हा माझ्यातला रंगारी जागा झाला. म्हटलं, आयुष्यभर रंग कालवला आणि आता पॉलिशवर आलो? माळ्यावर खिडक्यांच्या गजांचा काळा ऑइलपेंट उरला होता. तो लावला. ऑइलपेंटचा गुण असा की तो फटी बुजवतो. त्याचसाठी लोक तो विकत घेतात. माझ्या ठच्या सगळ्या फटी त्याने इमानाने बुजवल्या आणि कागदावर मोटारीचं चाक उठलं. शिक्का साफ करायला मी टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला आणि जेवायला गेलो. परत आलो तर खोडरबर फुगून मऊ झालं होतं, कुणीतरी चघळून ठेवल्यासारखं. नवीन खोडरबर आणलं, नवीन ठ खोदला. या वेळी घरात मला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं माझ्यामागे ठरलेलं दिसत होतं.

शिक्केसाहेबांचं म्हणणं पडलं की पोस्टाची शाई घ्यावी. ती पत्रांवर बसून साता समुद्रापार जाते, हाताळली जाते, भिजते, तरी तारीख वाचता येते. हे मला पटलं. मी पोस्टात गेलो आणि खिडकीतल्या बाईंना नम्रपणे सांगितलं की लेटरबॉक्ससाठी थोडी शाई हवी आहे.

बाई मला ओळखत होत्या. त्यांचा हॉल मीच रंगवला होता. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आलात का एकदाचे. फाटकाजवळच्या लेटरबॉक्सचा रंग उडाल्याची तक्रार म्हणे कधीची पडून होती आणि माणूस येतो येतो म्हणत येत नव्हता. मी म्हटलं, तो मी नव्हे. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात, वर साहेबांना भेटा. वर साहेबांनी विचारलं की पुरा रंगवणार की नुसतं झाकण. मी सांगितलं की मला फक्त काळं हवं आहे, तेही एका ठपुरतं. साहेब गंभीर झाले. लेटरबॉक्स लालच असावा लागतो, काळा नियमात बसत नाही, आणि ठ तर मुळीच नाही. मी नाही म्हणायला लागलो तर नकाराचा अर्ज खालच्या खिडकीत मिळेल म्हणाले. खालच्या खिडकीत जेवणाची सुट्टी झाली होती.

थोडक्यात, मी तो लेटरबॉक्स रंगवला. गंज खरवडला, अस्तर मारलं, लाल रंगाचे दोन हात दिले. काम हातात आलं की ते वाईट करता येत नाही, हा माझा दोष आहे. लोक येत होते आणि पत्रं माझ्या हातात देत होते. एका आजींनी तर पत्र लवकर पोचवा असं बजावलं. शिक्केसाहेब शेजारी उभे राहून कुठे राहिलं ते दाखवत होते. शेवटी साहेब स्वतः खाली आले, लेटरबॉक्सभोवती एक चक्कर मारली, आणि वाया गेलेली म्हणून बाटलीच्या झाकणात थोडी काळी शाई मला दिली.

काय शाई होती. दाट, तेलकट, चकचकीत. ठ असा उठला की हिनेही चष्म्याशिवाय ओळखला. मी कागदाची घडी घालून उशाशी ठेवली आणि निवांत झोपलो. सकाळी घडी उघडली तर समोरच्या बाजूलाही एक ठ. मला क्षणभर आनंदच झाला. दोन्हीकडून सारखं असण्याचा असाही फायदा. मग लक्षात आलं की शाई ओलीच आहे. दुपारी बोट लावलं, ओली. दुसऱ्या दिवशी लावलं, ओली. आयुष्यभर मी "रंग ओला आहे" ही पाटी लावत आलो. ती मला वाचता येत नव्हती, आणि ज्यांना येत होती ती माणसं पाटी वाचून मगच बोट लावायची. त्यांचा मला राग यायचा. आता मी स्वतः दर तासाला उठून बोट लावत होतो, आणि बोटाने फिसकटत फिसकटत ठचा पुन्हा ढ केला.

पण एक सांगायला हवं. या सगळ्यात कधीतरी माझी भीती मागे पडली आणि कुतूहल पुढे आलं. जांभळी पसरते आणि काळी पसरत नाही, हे का? काळी वाळत नाही, मग पत्रांवर कशी वाळते? मी पोस्टातून आलेलं एक पाकीट घेतलं आणि तारखेच्या शिक्क्यावर ओलं बोट फिरवलं. हललं नाही. कोऱ्या कागदावर, पाकिटावर, वर्तमानपत्राच्या कडेला, पुठ्ठ्यावर शिक्के मारून मी ते खिडकीत मांडले. काहींवर पाणी शिंपडलं, काही उन्हात ठेवले. पेनातली निळी उन्हात फिकी पडली. खडूसारख्या कोरड्या कागदावर तेलकट शाई वाळली, गुळगुळीतवर नाही. जेवणाचं टेबल बंद झालं आणि घर उभ्याने जेवू लागलं.

सूनबाई कामावरून आली, तिने पर्स ठेवली आणि माझ्या शेजारी बसून एकेक कागद पाहिला. मग तिने विचारलं, "बाबा, रंगवताना तुम्ही ब्रश भिंतीला लावता की भिंत ब्रशला?"

"ब्रश भिंतीला."

"मग शिक्का पॅडवर का आपटता? पॅड शिक्क्याला लावा. हलकं हलकं."

तिने पिशवीतून दोन चिमुकली पॅडं काढली. एकाची शाई पातळ होती, झटकन वाळणारी. पण या खरबरीत कागदात ती पाय पसरते आणि उन्हात विटते. दुसऱ्याची दाट होती, कागदाच्या वर बसून राहणारी, न विटणारी. फक्त वाळायला वेळ घेते, म्हणून वही मिटताना मध्ये कोरा कागद ठेवायचा. म्हणजे मी जे खिडकीत मांडून शोधत होतो ते तिच्या पिशवीत होतं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली की तुम्ही विचारलं कुठे. आणि तुमचं चाललं होतं ते बघायला आम्हाला रोज घरी लवकर यावंसं वाटत होतं. आम्हाला म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही. पाठमोरे चिरंजीव खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

माझा मान दुखावला, पण एका प्रश्नापुढे तो टिकला नाही. दाट शाई कागदाच्या वर का बसते? हे सूनबाईलाही सांगता येईना. मग दोन्ही शायांचा एकेक थेंब कागदाच्या पट्टीवर टाकून, पट्टीचं टोक पाण्यात बुडवून आम्ही बघत बसलो. पातळ शाई पाण्याबरोबर वर चढली. दाट होती तिथेच बसली. चिरंजीवही येऊन वाकले. हिने हातात ताट धरून उभ्या उभ्या विचारलं, आता कुठवर आली?

रविवारी आम्ही टेकडीवर गेलो. शिक्केसाहेब साक्षीदार म्हणून आले. सूनबाईच्या मंडळींत वयाने मोठे असे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांचा शिक्का कासवाचा. सगळे गोल करून उभे राहिले. सूनबाईने सपाट दगडावर वही उघडून ठेवली, वारा होता म्हणून कोपरा स्वतः धरला. तो तिने दोनदा सपाट केला, तेव्हा मला कळलं की पान तिचंही आहे.

मी पॅड शिक्क्याला लावलं. हलकं, सगळीकडून, उजवीकडे विसरलो नाही. शिक्का ठेवला, तळहाताने दाबला, न हलवता सरळ वर उचलला.

ठ उठला होता. पुरा, बंद, काळाभोर, डोक्यावर रेघ, खाली दांडा, कुठे पाय नाही, गाठ नाही. सूनबाईने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

डॉक्टर सवयीने तोंडात बघावं तसे वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, "सुंदर. भोपळा अगदी हुबेहूब आलाय."

बाकीचे म्हणाले, खरंच. एका बाईंनी भोपळ्याच्या देठाचं विशेष कौतुक केलं. मी पानाकडे पाहिलं. वर वेलीची रेघ, खाली देठ, खाली गोल. भोपळाच होता. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. परीक्षेत भोपळा कुणाला मिळतो हे सांगायला नको. ढच्या तावडीतून सुटून मी थेट भोपळ्यावर येऊन बसलो होतो. शिक्केसाहेब म्हणाले की त्यांना पहिल्या दिवसापासून शंका होती.

सूनबाईला हसू येत होतं आणि माझी काळजीही वाटत होती. दोन्ही एका चेहऱ्यावर मावत नव्हती. तिने पेन माझ्यापुढे धरलं आणि हळूच म्हणाली, "खाली लिहा ना, बाबा."

इतक्या लोकांदेखत मी आजवर कधी लिहिलं नव्हतं. माझं लिहिणं सावकाश चालतं. आधी अक्षरं, मग वरची रेघ. कुणी घाई केली नाही. मी लिहिलं, "हा ठ आहे." डॉक्टरांनी ते वाचलं, कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाले, हो की.

मधोमध कोरा कागद ठेवून आम्ही वही मिटली आणि डबा दगडाखाली सरकवला.

त्यानंतर एकदा, कुणाला न सांगता, मी एकटाच टेकडीवर गेलो. शाई विटली का हे बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. डबा जागेवर होता. पहिलं पान उघडलं. ठ होता तसा काळा. पुढच्या पानांवर नवे शिक्के आले होते, एक घुबड, एक छत्री. आणि पहिल्या पानावर, माझ्या ओळीखाली, कुणाच्यातरी तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, "कुठला? देठातला का?"

मी बोट ठेवून वाचलं. मग बोट न ठेवता वाचलं. मग एकदम समजलं आणि मी इतक्या मोठ्याने हसलो की शेजारच्या झुडपातून पाखरं उडाली. आजवर माझी थट्टा करायची तर माणसाला समोर यावं लागायचं. हा कोण होता, कुठला होता, बाई की बुवा, काही ठाऊक नाही. कागदावर थट्टा ठेवून गेला होता आणि ती मला सापडली होती.

उत्तर द्यायला हवं होतं. मी दगडावर बसलो, खिशातलं पेन काढलं, ठ कुठे कुठे राहतो ते आठवत राहिलो. ओठात, काठात, गाठीत. ऊन बरंच सरकलं तेव्हा सुचलं.

"नाही, पाठातला," असं मी सावकाश लिहिलं, वरची रेघ ओढली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसलो.